उजव्या पंखातले पाच दाणे

"रबर ऊन असतानाच दुमडजो वं कामिनी. थंडावलं का मंग ते कोणाचंच आयकत नाही."

तिला हे काम शिकवणाऱ्या महादेवराव मिस्त्रींना जाऊन तीन वर्षं झाली होती. तरी विमानाच्या पंखात टाकी बसवताना कामिनीच्या कानाशी त्यांचंच बोलणं असायचं.

नागपूरच्या त्या हँगरमधल्या चार आसनी विमानाच्या जुन्या रबरी टाक्या चिरल्या होत्या. उजव्या पंखातली नवी टाकी काल बसली. पौषातलं ऊन कललेलं, रबर थंडावलेलं. तिने जरा ओढूनताणूनच बसवली. आज सकाळी डावीही झाली. उद्या पायलट रितिका मॅडम विमान चाचणीला उडवणार होत्या. पेट्रोल भरायचं तेवढं राहिलं होतं.

इतक्यात स्टोअर सांभाळणारे गोपाळराव हळदीकुंकवाची वाटी घेऊन आले.

"आता डावीची पूजा करतो. उजवीची काल तू गेल्यावर केली. कोराडीच्या देवीच्या पाच अक्षता टाकल्या आतमधी."

"टाकीच्या आत, काका?"

"मंग काय बाहेर? नव्या पोटात अन्न नोको काय बाप्पा?"

"एक दाणा इंजिनाकडं जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी अडकला, तर इंजिन वरच बंद पडन."

गोपाळरावांनी वाटी खाली ठेवली.

कामिनीने उजव्या टाकीचं झाकण उघडून हात घातला. चार दाणे लागले.

"चारच असतीन, काका?"

"देवीले मोजून वाहतो मी. पाचच."

मग टाकी पंखात ताणून धरणाऱ्या दोऱ्या सोडून अख्खी टाकी बाहेर काढावी लागली. तळाच्या कोपऱ्यात बोटभर सुरकुती होती, तिच्यात पाचवा दाणा. कामिनी दाण्यापेक्षा सुरकुतीकडेच जास्त वेळ पाहत राहिली. त्या घडीत पेट्रोलमधलं पाणी साचलं असतं. मग वर उडताना ते इंजिनात गेलं असतं तर काय झालं असतं, ते तिला कळत होतं. आणि ती घडी काही गोपाळरावांनी पाडली नव्हती.

तिने टाकी उन्हात पसरली. मऊ झाल्यावर पुन्हा बसवली, कोपरा न् कोपरा हाताने चाचपला. मग रजिस्टरात आधी सुरकुती लिहिली, खाली अक्षता.

"माहं नाव लिहिलं काय वं?"

"लिहिलं. माहं त्याच्यावर हाय."

"बरं केलं." गोपाळरावांनी खाली ठेवलेली वाटी उचलली. "पण ते दाणे कचऱ्यात नोको टाकू. देवीचे हायेत, कोणाच्या पायाखाली यायले नोको."

"नाही येणार, काका. आजच देवीजवळ मातीत पुरीन."

सुटी झाल्यावर तिने ते पाच दाणे पुडीत बांधले, माळ्याकडून खुरपं मागून पिशवीत घातलं, आणि घरची बस सोडून कोराडीच्या बसमध्ये चढली.