फुटक्या रांजणातली चोरी

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. काठाचा टवका उडालेला, पोटावर लांबलचक भेग गेलेली, आणि आता चुलीमागच्या भिंतीला टेकून आडवा पडलेला. माझ्यात पाणी ठरत नाही. तरी मी रिकामा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

घानाच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात माझा जन्म झाला. आमच्याकडे मडकी घडवणं हे बायकांचं काम. एका कुंभारणीने ओढ्याकाठची माती तुडवली, मला घडवलं आणि गवता-लाकडांच्या जाळात भाजलं. मी लालबुंद असतानाच तिने शेंगांच्या टरफलांचा काढा माझ्या अंगावर शिंपडला. केवढा चरचरलो मी! पण त्यानेच माझं अंग पक्कं झालं. पुढे अझारा नावाची मुलगी लग्न होऊन या घरी आली, तेव्हा तिच्यासोबत मीही आलो.

ते माझे मानाचे दिवस होते. पाहुणा दारात आला की आधी माझ्यातलं पाणी, मग बाकीची विचारपूस. लोक पाणी पिऊन म्हणायचे, "अझाराच्या रांजणाचं पाणी म्हणजे पाणी!" मी फुगून जात असे. मग एका नतद्रष्ट बोकडाने मला शिंग मारलं आणि माझं पोट चिरलं. माझ्या जागी निळं प्लास्टिकचं पिंप आलं. त्यातलं पाणी दुपारी अंघोळीला चालेल इतकं तापतं, पण ते फुटत नाही म्हणून त्याचं कोण कौतुक! मला चुलीमागे ढकलून दिलं. माझ्यावर राख साचू लागली, आणि मला फार वाईट वाटलं.

एक दिवस एक ठिपकेवाली कोंबडी माझ्यात शिरली. गोल गोल फिरली, पायांनी उकरून पाहिलं आणि खुशाल बसली. थोड्या वेळाने माझ्या पोटात काहीतरी ऊबदार पडलं. अझाराने ते अंडं पाहिलं आणि माझ्यात वाळलेलं गवत अंथरलं. मला पुन्हा काम मिळालं.

अझारा आता सासू झाली होती. तिचा मुलगा कामासाठी दूर दक्षिणेला गेलेला. घरी सून सनातू आणि नात टियुंबा. आमच्याकडे आजी नातीला लाडाने सवत म्हणते. अझाराही सकाळी उठली की पहिली हाक मारायची, "कुठे आहे गं माझी सवत? माझ्या नवऱ्यावर डोळा ठेवून बसलीय ना?" नवरा कधीच अल्लाघरी गेला होता, पण थट्टा चालूच होती. टियुंबा हसायची. मात्र बसल्या जागेवरूनच हसायची. तिच्या बरोबरीची शेजारची मुलं अंगणभर पळत होती, आणि हिला उभंही राहता येत नव्हतं. हातपाय काटकुळे, पोट तेवढं पुढे आलेलं. सकाळी बाजरीची पातळ पेज, संध्याकाळी मक्याचा उंडा आणि भेंडीचं कालवण. पोट भरायचं, पण अंगी काही लागायचं नाही.

गावात मुलांची वजनं करायला नर्सबाई आल्या. सनातू परत आली ती तोंड बारीक करूनच.

"आई, बाई म्हणाल्या, पोरीला रोज एक अंडं द्या. नाहीतर हिने पुढचा पावसाळा काढणं अवघड आहे."

"अंडं?" अझाराने पळी चुलीवरच्या भांड्यावर आपटली. "बोलायला शिकायच्या आत अंडं खाल्लेलं पोर मोठेपणी चोर होतं. त्या बाईला कुणी सांगितलं नाही वाटतं?"

"पण आई..."

"आणि अंडी आहेतच कुठे? एक अंडं खाल्लं म्हणजे एक कोंबडी खाल्ली. धुळीचा वारा सुटला की कशा पटापट मरतात, पाहिलं नाहीस तू?"

यातलं दुसरं बोलणं खोटं नव्हतं. दरवर्षी थंडीत कोरडा वारा सुटायचा आणि कोंबड्या माना टाकायच्या. अंगणं ओस पडायची. म्हणून अझारा एकूण एक अंडं उबवायला ठेवायची. पण यंदा गावातली मेमुनातू घरोघर फिरून प्रत्येक कोंबडीच्या डोळ्यात त्या साथीवरच्या औषधाचा थेंब घालून गेली होती, आणि वारा येऊन गेला तरी आमच्या कोंबड्या टुणटुणीत होत्या. माझ्यात आता एक नाही, तीन कोंबड्या भांडत होत्या. अंडी भरपूर होती. अझाराच्या मनातली भीती मात्र गेली नव्हती.

मग चोरी सुरू झाली. अझारा शेताकडे गेली की सनातू यायची, माझ्यातून एक अंडं उचलायची, पेजेच्या भांड्यात उकडायची आणि कुस्करून टियुंबाच्या वाटीत मिसळायची. टरफलं राखेत पुरायची. मी सगळं पाहत होतो. मित्रांनो, खरं सांगू? मला आनंदच व्हायचा.

अझारा दिवस मावळताना माझ्यात हात घालून अंडी चाचपायची. तिच्या ते लक्षात यायचंच होतं. पहिला आळ आला घरच्या कुत्र्यावर. बिचारा दोरीला बांधला गेला. तरी अंडी कमी होतच राहिली. मग अझारा मौलवींकडे गेली आणि चामड्याचा एक ताईत घेऊन आली. तो तिने माझ्या काठाला बांधला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता जो हात यात जाईल तो भोपळ्यासारखा सुजेल! मग बघू चोर कुठे लपतो ते!"

दुसऱ्या दिवशी सनातू आली. ताईत बघून थबकली. आमच्याकडे ताईताला कोणी हसत नाही, आणि सनातू तर नाहीच नाही. मागे टियुंबा चटईवर बसून रिकामी वाटी जमिनीवर आपटत होती. सनातूने उजवा हात पुढे केला, मागे घेतला. मग डावा पुढे केला.

"सुजायचाच असेल तर हा सुजू दे," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "उजव्याने लेकीला भरवायचंय मला."

आणि डोळे मिटून तिने हात आत घातला.

तो हात सुजला नाही. पण ती रोज डावाच हात घालत राहिली, आणि रोज तितकीच घाबरत राहिली. मी मातीचा आहे. मला रडता येत नाही. आलं असतं तर त्या दिवसांत माझ्यात पुन्हा पाणी साचलं असतं.

पावसाळा तोंडावर आला. टियुंबाच्या गालांवर तुकतुकी आली होती. ती आता भिंतीला धरून उभी राहायची आणि धपकन बसायची. एका सकाळी अझारा चुलीपाशी शेंगा फोडत होती, सनातू अंगण झाडत होती. ठिपकेवालीने अंडं घातलं आणि साऱ्या घराला ओरडून सांगितलं. टियुंबाने मान वळवली. भिंत सोडली. एक पाऊल टाकलं, डुलली, दुसरं टाकलं. आणि चालत चालत ती थेट माझ्यापर्यंत आली, ताईत बाजूला सारला, आत हात घातला आणि अंडं काढलं.

"चोर!" अझारा किंचाळली. "अगं सनातू, चोर! माझी सवत चोर झाली!"

मग तिच्या लक्षात आलं की चोर स्वतःच्या पायांवर आली आहे. तिच्या मांडीवरची शेंगांची टोपली उलटली. ती धावली, टियुंबाचा हात धरला, उलटासुलटा करून पाहिला, बोटं चेपली, फुंकर घातली. हात सुजला नव्हता. अंडं मात्र टियुंबाने घट्ट धरलं होतं.

सनातूच्या हातातून केरसुणी पडली. "आई, चोर ती नाही. मी आहे. रोज मीच..."

"कुठल्या हाताने?"

सनातूने डावा हात पुढे केला. डावाच का, तेही सांगितलं. अझाराने तोही हात उलटासुलटा करून पाहिला. मग तिने ताईत हिसडून तोडला आणि चुलीत टाकला.

"चोरच झाली शेवटी," ती डोळे पुसत म्हणाली. "मी म्हटलं होतं ना? पण चालत येऊन चोरी केली गं माझ्या सवतीने!" आणि त्याच दमात सनातूवर खेकसली, "बघत काय उभी राहिलीस? भांडं ठेव चुलीवर!" मग कुत्र्याचीही दोरी सुटली.

मित्रांनो, त्या दिवसापासून या घरात रोजचं पहिलं अंडं टियुंबाचं. उरतील त्यातली काही उबवायला, काही बाजाराला. मेमुनातू आली की अझारा स्वतः कोंबड्या पकडून देते. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरात एखादी फुटकी वस्तू असेल तर ती फेकण्याआधी विचार करा, तिच्यातही कोणीतरी ऊब शोधत असेल. कोंबड्यांना वेळेवर औषध द्या. आणि अंडी उबवायला ठेवण्याआधी घरातल्या सगळ्यात लहान वाटीकडे बघा. कोणत्याही आईला आपल्याच घरात चोरी करायला लावू नका.

बाहेर ठिपकेवाली ओरडते आहे. आता सनातू येईल, टियुंबाला कडेवर घेऊन. हल्ली ती उजवा हात आत घालते.