उजवीकडचा रकाना

"बोलू नका," ती म्हणाली आणि सासऱ्यांचं मनगट टेबलावर उताणं करून तिनं पुन्हा धरलं.

"बोललो कुठं? आवंढा गिळला."

"आवंढाही नको. एक मिनिट फक्त."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बारावर येताच तिनं मनगटाच्या शिरेवर अंगठा दाबला. टेबलाखाली गोटी बसली होती, चौदा महिन्यांची, आजोबांच्या जुन्या चाव्यांचा जुडगा फरशीवर आपटत. त्या खणखणाटातूनही ठोका वेगळा काढायची तिला आता सवय झाली होती. अठरापर्यंत सगळं सरळ होतं. मग एक जागा रिकामी गेली, मागोमाग एक ठोका दार ढकलून आल्यासारखा जोरात आला आणि पुन्हा सरळ. मिनिट संपेपर्यंत अशा चार जागा रिकाम्या गेल्या.

"किती?" सासऱ्यांनी विचारलं.

"चार."

"काल?"

"तीन."

"म्हणजे बढती मिळाली."

ती हसली नाही. वही ओढून तिनं डावीकडच्या रकान्यात तारीख, वेळ आणि चारचा आकडा लिहिला. उजवीकडचा रकाना खाण्याचा. काल दिवसभरात सासऱ्यांनी ओट्स, बिनमिठाचं सूप, उकडलेलं बीट, पाच बदाम आणि भोपळ्याच्या बिया खाल्ल्या होत्या. कॉफी नाही, तळलेलं नाही, लोणचं नाही. रात्री नऊला दिवा बंद. यापेक्षा शहाण्यासारखं माणूस काय वागणार? आणि तरी चार.

"बाबा, खरं सांगा. काल मधेच काही खाल्लंत?"

"तुझी शप्पथ नाही." मग थोडं थांबून ते म्हणाले, "त्या दिवशी शेंगदाणे खाल्ले होते. खारे. मूठभर."

"त्या दिवशी म्हणजे शनिवारी?"

"तुझ्या नवऱ्यानं आणले होते. तो आग्रह करत होता, मी मोडला नाही."

तिनं पान उलटून रविवार सकाळ पाहिली. शून्य. खारे शेंगदाणे खाऊन दुसऱ्या दिवशी शून्य, आणि बीट खाऊन चार. तिनं पेन्सिलीचं टोक दातात धरलं. मागचे रविवारही तिनं काढले. शून्य, एक, शून्य, शून्य. नवरा यंत्रं दुरुस्त करत आठवडाभर गावोगाव फिरायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. मुलगा भेटला की बापाच्या जिवाला बरं वाटत असणार, असा अर्थ तिनं लावला होता आणि समासात तसं लिहूनही ठेवलं होतं. पण मग खाण्याचं काय? सहा आठवडे आपण ह्या माणसाच्या तोंडची चव काढून घेतली ती कशासाठी?

"अकराला पोचायचंय," ती उठत म्हणाली. "ते सूप संपवा."

"हे सूप नव्हे. भांडी विसळलेलं पाणी आहे हे. पण संपवतो."

दोन महिन्यांपूर्वी जिन्यावर तो प्रकार झाला होता. सासरे गोटीला कडेवर घेऊन खालून येत होते आणि मधल्या वळणावर एकाएकी खाली बसले. छातीत कबूतर शिरल्यासारखं फडफडतंय, असं म्हणाले. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंनी गोटीला त्यांच्या हातातून काढून घेतलं, ती वरून धावत येऊन पाहते तर सासऱ्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा. हृदयाची लय बिघडली होती. डॉक्टरबाईंनी रोजची गोळी दिली आणि सहा आठवडे जाऊ देऊन मग चोवीस तास छातीला यंत्र बांधून बघू म्हणाल्या. ते यंत्र गुरुवारी बांधून शुक्रवारी काढलं. आज निकाल.

त्या निकालावर तिची नोकरी लटकली होती. रंगाच्या कारखान्यात ती छटा जुळवायची. दोनदा वाढवलेली रजा एक तारखेला संपत होती आणि तिसऱ्यांदा वाढवायला साहेबांनी हात वर केले होते. गोटीला दिवसभर आजोबा सांभाळणार, हे लग्नाच्या आधीपासून ठरल्यासारखं होतं. चाळीस वर्षं कुलपं-चाव्यांचं दुकान चालवून सासऱ्यांनी ते मुद्दाम गेल्या वर्षी बंद केलं होतं, नातीसाठी. पण जिन्यावर बसकण मारणाऱ्या माणसाच्या हाती मूल सोडून जायचं कसं? आणि नाही सोडायचं, तर हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

म्हणून तिनं वही सुरू केली. कारखान्यात तिला हेच शिकवलेलं होतं, की लिहिलं नाही ते झालंच नाही. रंगाची छटा बिघडली की मागची पानं उलटायची, कुठला थेंब जास्त पडला ते सापडतंच. इथं मात्र सापडत नव्हतं. कुणी म्हणालं केळी द्या, हृदयाला चांगली. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला, ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर केळी जपून. पालक चांगला, असं एका ठिकाणी वाचलं, तर दुसरीकडे वाचलं की रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालक एकदम वाढवू नये. शिवणकामवाल्या बाईंनी कुठल्याशा सालीचा काढा सांगितला. तो तिनं डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय द्यायचा नाही म्हणून टाळला, तर बाईंनी दोन दिवस अबोला धरला. एक ना धड, भाराभर चिंध्या. कॉफीचा डबा तेवढा तिनं पहिल्याच दिवशी सासऱ्यांच्या नजरेआड केला. नवरा फोनवर म्हणायचा, "अगं, इतकं काय घेऊन बसलीस? होईल सगळं नीट."

"होईल म्हणजे कुणी केलं की होईल," असं तिच्या ओठावर यायचं. पण तेवढ्यात गोटी रडायची.

दवाखान्यात गर्दी नव्हती. डॉक्टरबाईंनी लांबलचक कागद टेबलावर उलगडला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट फिरवत शेवटपर्यंत गेल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "काका, तुमची लय चोवीस तास जागेवर आहे. झोपेत थोडी मंदावते, ती सगळ्यांचीच मंदावते."

"आमची सून तर म्हणते, रोज चुकते."

"चुकतेच," ती म्हणाली. "शुक्रवारी सकाळी साडेसातला पाच ठोके चुकले होते. यंत्र तेव्हा बांधलेलंच होतं ना?"

डॉक्टरबाईंनी कागद मागे घेतला आणि साडेसात शोधले. "इथं काही नाही."

"असं कसं? मी स्वतः मोजलेत." तिनं वही पुढे सरकवली. "हे बघा. बेचाळीस दिवसांचं आहे. एकही दिवस चुकवला नाही मी."

आवाज चढलेला तिचा तिलाच ऐकू आला. सासऱ्यांच्या मांडीवर गोटी स्टेथोस्कोपच्या नळीकडे झेपावत होती. डॉक्टरबाईंनी वही चाळली, दोन-तीन ठिकाणी थांबल्या, समासातलंही वाचलं.

"मेहनत घेतलीय तुम्ही," त्या म्हणाल्या. "मोजता कशा ते दाखवा बरं."

तिनं सासऱ्यांचा हात घेतला, टेबलावर उताणा केला, अंगठा दाबला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"अंगठ्यानं?"

"हो. त्यानंच नीट लागतो ठोका. बोटांनी मला सापडतच नाही."

"सापडणारच अंगठ्यानं." डॉक्टरबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "अंगठ्याची स्वतःची नाडी जोरात असते. दुसऱ्याच्या मनगटावर ठेवला, की बऱ्याचदा आपलीच आपल्याला लागते. म्हणून आम्ही दोन बोटांनी बघतो."

 अंगठा अजून सासऱ्यांच्या मनगटावरच होता. तो उचलावा की नाही, हे तिला कळेना. बेचाळीस दिवसांतले ठोके होते तरी कुणाचे? थोडे त्यांचे, थोडे आपले? बीट, बदाम, शेंगदाणे, रविवार, सगळं डोक्यात एकमेकांत कालवलं गेलं, आणि मिसळलेला रंग काही केल्या परत वेगळा होत नसतो.

"म्हणजे काखेत कळसा अन्..." सासऱ्यांनी हसत सुरुवात केली, पण तिच्या तोंडाकडे बघून ते मधेच गप्प झाले.

"द्या हात इकडे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माझा कशाला? यांची वेळ आहे ही."

"यांचं झालं."

दोन बोटं तिच्या मनगटावर टेकली. डॉक्टरबाई खिडकीकडे बघत राहिल्या. मिनिटाहून जास्त वेळ गेला असावा. मग त्यांनी नर्सला हाक मारली आणि पडद्यामागची खाट मोकळी करायला सांगितली.

छातीवर थंड चिकट गोळे लावून ती निजली, तेव्हा पडद्यापलीकडून गोटीची कुरकुर ऐकू येत होती. उठायला हवं, भूक लागली असेल तिला, पिशवीत डावीकडच्या कप्प्यात बिस्किटं आहेत, हे तिनं तिथूनच सांगितलं.

"तुम्ही गप्प पडून राहा बघू," नर्स म्हणाली. "मशीन तुमचं बोलणं मोजेल नाहीतर."

कागद सरसरत बाहेर आला.

ती परत खुर्चीवर येऊन बसली तोवर डॉक्टरबाईंनी तो कागद वहीशेजारी ठेवला होता. "बघा, इथं एक ठोका वेळेआधी पडतो आणि मग जरा थांबून पुढचा जोरात येतो. तुमच्या वहीत जागा रिकामी गेली म्हणून लिहिलंय ना, ती ही. बऱ्याच जणांना होतं, बहुतेकदा घाबरण्यासारखं नसतं. पण कारण बघायला हवं. रक्त तपासू, थायरॉईड तपासू. चक्कर येते?"

"नाही. म्हणजे... उठताना थोडी. ती सगळ्यांनाच येते."

"झोप?"

"गोटी चारदा उठते. रविवारी मिळते, नवरा घरी असतो, तो घेतो तिला."

"आणि बाबांचं?" तिनंच पुढे विचारलं. "गोटीला सांभाळायला... मी एक तारखेपासून कामावर जायचं की नाही?"

"त्यांनी खुशाल सांभाळावं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही आणि मुलीला कडेवर घेऊन जिना चढायचा नाही, एवढं पाळा."

"मग खाण्यानं फरक पडला का? की नुसता गोळीनं?"

"ते मला वेगळं काढून सांगता नाही येणार. दोन्हींनी असेल. मीठ कमी केलंत ते चांगलंच केलंत. आता एखादा शेंगदाणा खाऊ द्या."

सासऱ्यांनी मोठा श्वास सोडला. आपल्यालाही हायसं वाटायला हवं, असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली, पण आतून काही आलं नाही.

डॉक्टरबाईंनी नवीन कागद घेतला. "एक बरं आहे. सहा आठवड्यांची नोंद घेऊन पहिल्यांदा येणारा पेशंट मला अजून भेटला नव्हता. आकडे आहेत, वेळा आहेत. आता तेवढं खाणं सांगा. शुक्रवारी पाच आहेत, तर गुरुवारी काय काय खाल्लं होतं?"

तिनं वही जवळ ओढली. गुरुवारचं पान काढून उजवीकडच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वाचायला तोंड उघडलं. ओट्स, अर्धं केळं, उकडलेला पालक, दोन चमचे. बोट तिथंच राहिलं.

"हे यांचं," ती म्हणाली.

"हो. तुमचं?"

तिनं आठवून पाहिलं. गुरुवारी पालक निवडलेला आठवला, सासऱ्यांच्या ताटलीतलं मीठ परत डब्यात ओतलेलं आठवलं, गोटीनं भिंतीवर फेकलेलं केळं पुसलेलं आठवलं. मग बुधवार आठवून पाहिला. मग काल रात्र.

"कॉफी घेतली असेल," ती म्हणाली. "यांची बंद केली, तर डबा वाया जाऊ नये म्हणून मीच... सकाळी घेते. दुपारीही. तीनचार होत असतील."

"आणि कॉफीबरोबर काय?"

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. गोटी त्यांच्या खांद्यावर झोपली होती. तिच्या मुठीतलं ओलं बिस्किट काढून घेऊन ते रुमालात बांधत होते, अगदी सावकाश, जणू त्या चार टोकांच्या गाठीत काहीतरी अवघड काम होतं.

"ती उभ्यानंच खाते हो," ते डॉक्टरबाईंना म्हणाले. "ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून. काय खाते, ते मी एकदाही बघितलं नाही."