परातीतली रेघ

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची परात आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. परातीला डोकं कुठलं, असं विचारू नका. रोज तांदळाबरोबर माणसंही बघते मी, डोकं फिरायला तेवढं पुरतं.

कोल्हापुरात एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. बाळाबाईच्या लग्नात तिच्या आईने माझ्या काठावर लेकीचं नाव कोरून घेतलं आणि मी उचगावात आले. पुढे बाळाबाईने शेजारच्या यल्लव्वाला जोडीला घेऊन कारखान्यांतल्या कामगारांसाठी जेवणाचे डबे सुरू केले. यल्लव्वा सीमेकडच्या गावातून आलेली, बाळाबाईला 'अक्का' म्हणणारी. दोघींची घरं त्या डब्यांवरच चालायची.

सकाळी माझ्यात तांदूळ निवडायला ओतला की बाळाबाई बोटाने मधोमध रेघ ओढायची. नावाकडची बाजू तिची, पलीकडची यल्लव्वाची. गप्पा अखंड चालायच्या, पण नजर मात्र आपापल्या अर्ध्यात. एकीचा हात दुसरीच्या बाजूला कधी गेला नाही. पलीकडचे तांदूळ पुन्हा बघायची पद्धतच नव्हती, इतका भरवसा! "यल्लव्वानं निवडल्याल्या तांदळात खडा गावला, तर नावाची बाळाबाई न्हाय मी," असं ती अख्ख्या गल्लीत सांगायची. ते ऐकून माझाच काठ ताठ व्हायचा.

मग एका कारखान्याच्या पूजेच्या जेवणाची मोठी ऑर्डर आली. गल्लीतल्या तिघी मदतीला धावल्या. "चार डोळ्यांच्या जागी धा डोळं! झटक्यात हुतंय की!" त्यांच्यातली संयोगिता म्हणाली.

पाच जणींत रेघ कुठे ओढणार? ओढलीच नाही. खिडकीचा उजेड मधल्या ढिगावर पडत होता, म्हणून सगळ्यांच्या नजरा तिथेच. एकाच काळ्या दाण्यावर तीन-तीन हात पडायचे, आणि वर हसणं! इकडे भिंतीकडच्या काठाला, अंधारात, गारेचा पांढरा खडा तांदूळ होऊन बसला होता. अगं बायांनो, इकडे बघा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. पण तिथलं कुणीतरी बघितलंच असेल, असं प्रत्येकीला वाटलं.

पूजेच्या पंगतीत तो खडा कारखान्याचे मालक अण्णासो यांच्या दाढेखाली आला. दाढ मोडली. दुसऱ्या दिवसापासून तिथले डबे बंद झाले.

"तुझ्या बाजूला हुता त्यो खडा," बाळाबाई म्हणाली.

"माझी बाजू म्या डोळ्यांत त्याल घालून निवडलीया, अक्का. तुझ्याच बाजूचा आसंल!"

मला संताप आवरेना. त्या दिवशी बाजू होत्याच कुठे? असत्या तर खडा राहिलाच नसता! पण हे सांगणार कोण? मी परात. आपटली तर वाजते, एवढंच.

यल्लव्वा उठून गेली ती पुन्हा आलीच नाही. मदतीला धावलेल्या तिघींचं तर नावच काढू नका.

आता उरलेल्या थोड्या डब्यांसाठी बाळाबाई एकटीच बसते. काल सवयीने तिने रेघ ओढली, आपली बाजू निवडली आणि दाराकडे बघत राहिली. दारात कुणी नव्हतं. मग तिने मला फिरवलं. तिचं नाव पलीकडे गेलं आणि यल्लव्वाची बाजू तिच्या पुढ्यात आली. हल्ली तिला कमी दिसतं. एक खडा तिच्या बोटाखालून निसटताना मी बघितला. काय करणार?

मित्रांनो, तुम्हीही शाळेत मिळून भिंत रंगवता, मोठी रांगोळी काढता, मैदानात हरवलेली वस्तू शोधता. तेव्हा कोण कुठे बघणार, हे आधी ठरवत जा. 'सगळे मिळून सगळीकडे बघू' म्हटलं की काठाकडे कुणीच बघत नाही. आणि चूक झालीच, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी, त्याच बोटाने रेघ ओढायची राहून गेली होती का, ते आठवा.

भिंतीपलीकडे यल्लव्वा खोकते, ते मला ऐकू येतं. बाळाबाईलाही येतं, कारण तेव्हा तिचा हात तांदळातच थांबतो. मग मार की हाक, बाई! तिची बाजू अजून किती दिवस तू एकटी निवडणार आहेस?