तिसऱ्या पाळीची तारीख

“वही उघड. आजची तारीख काढ. आहे तसं उतरवून घे आणि गटावर टाक. मनाचं काही घालू नकोस.”

श्रीपादरावांनी दवाखान्याच्या खाटेवरून वासंतीबाईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांना बोलतानाही धाप लागत होती. पुढे बारा दिवसांनी ते गेले. त्याला आता साडेतीन महिने होत आले होते. पण भोसरीच्या त्या दोन खोल्यांत रोज सकाळी देवपूजा आटोपली, निरांजन शांत झालं, की वासंतीबाई ओला हात पदराला पुसून वही उघडत आणि नवऱ्याच्या फोनवर एकेक अक्षर जुळवत बसत.

चाकणच्या कारखान्यात एकतीस वर्षं सुटे भाग मापून पास-नापास करणाऱ्या या माणसाला एकच नाद होता, अवकाशात गेलेली माणसं. कोण कधी गेलं, किती दिवस राहिलं, कोण परत आलं नाही. एका तारखेला एक पान अशी त्यांची जाड वही होती. फोनवर ‘अवकाशवीर कट्टा’ नावाचा गट होता, दोनशेवर माणसांचा. बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नव्हती. रोज सातला काकांची नोंद पडली, की मगच तिथे दिवस उजाडे.

“आई, अगं हे बरोबर नाही,” माणला राहणाऱ्या लेकीनं, सलोनीनं दोनदा सांगून पाहिलं होतं. “बाबा आहेत असं समजून बोलतात गं ती माणसं.”

“बोलू देत की. कुणाचं काय जातंय?”

बँकेत, रेशनच्या दुकानात, वीजमंडळात, सगळीकडे वासंतीबाईंनी स्वतःच्या हातानं मृत्यूचा दाखला नेऊन दिला होता. प्रत्येक ठिकाणी श्रीपादराव एकदा एकदा गेले होते. राहिला होता तो एवढा कट्टा. तिथे अजून त्यांना कुणी ‘कै.’ म्हणत नव्हतं. तेवढी जागा हातची सोडायची वासंतीबाईंची छाती होत नव्हती.

एकोणतीस जूनला त्यांनी नेहमीसारखं पान उतरवलं. तिघे सोव्हिएत अंतराळवीर तेवीस दिवस अवकाशस्थानकात राहून परत निघाले. वाटेत एक झडप उघडली, यानातली हवा निघून गेली. यान मात्र ठरल्याप्रमाणे, ठरल्या जागी, अलगद उतरलं. बाहेरच्या माणसांनी टकटक केलं. आतून उत्तर आलं नाही.

टाकून त्या गवारी निवडायला बसल्या, तोच फोन टिणटिणू लागला.

“काका, तारीख चुकली!” चाकणचा क्षितिज. “उतरले तेव्हा मॉस्कोत पहाटेचे दोन वाजून गेलेले. म्हणजे तीस जून. मागच्या वर्षी मी एकोणतीस म्हणालो तर तुम्हीच मला तासभर झापलं होतं!”

“क्षितिज भावा, काकांना शिकवतोस होय?” वर्षालीनं लिहिलं.

“शिकवत नाय गं. पण काका आणि तारीख चुकणार? काका, ऑनलाइन दिसताय, बोला की राव.”

पाच मिनिटं गेली. मग पुन्हा क्षितिजच.

“काकांचा संपर्क तुटला. काकूंनी दळण आणायला पिटाळलं वाटतं.”

खाली हसण्याच्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. वासंतीबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

त्यांनी पान पुन्हा उजेडात धरलं. समासात पेन्सिलनं बारीक काहीतरी होतं. ‘ति. पा.’ चष्मा पुसून पाहिलं आणि एकदम लख्ख कळलं. तिसरी पाळी! रात्री अकराला लागलेली पाळी सकाळी सातला सुटली, तरी कारखान्यात ती आदल्याच तारखेची. तीस तारखेच्या उन्हात घरी येऊन, चपला काढत, ‘संपली एकोणतीसची ड्युटी’ म्हणणारा माणूस तो. पहाटे दोनच्या सुमाराला मेलेले तिघे त्यांनी आपल्या सवयीनं तिसऱ्या पाळीत धरले होते. टाकायची वेळ आली की डोक्यातल्या डोक्यात ते एक दिवस पुढे सरकत असणार. उतरवून घेणारीला ते कसं कळावं?

वासंतीबाईंनी लिहिलं, “वहीत तिसऱ्या पाळीच्या हिशेबानं आदली तारीख पडली. चूक माझी. तीस जून हेच बरोबर.”

“मानलं काका!” क्षितिज. “माणूस मरतो, शिफ्ट मरत नाही!”

“काका ते काकाच,” वर्षाली.

दाद येत राहिली. वासंतीबाईंनी फोन पालथा ठेवला. आजवर त्या उतरवून घेत होत्या. आज त्या श्रीपादराव होऊन बोलल्या होत्या. मनाचं घातलं होतं, आणि ते सगळ्यांना पटलं होतं. त्या उठून देवघरापुढे उभ्या राहिल्या, पण हात जोडवेनात.

दुपारी फोन वाजला. आळंदीचे अर्जुनराव, कट्ट्यावरचेच. जन्मभर विहिरींवरचे पंप दुरुस्त केलेले, आता ऐंशीच्या घरातले. त्यांचे फोन बाई उचलत नसत. आज उचलला.

“श्रीपादराव? पाळीचं ल्हेलं म्हणून नातसून हसली, तवा म्हणलं बोलावं. तीन म्हैनं झालं, आवाज न्हाई तुमचा.”

“मी वासंती. त्यांची बायको.”

“हां हां, वहिनी! द्या की त्यास्नी.”

“ते नाहीत.”

“कामावर ग्येलं?”

“नाहीत हो, अर्जुनराव. चौदा मार्चला गेले.”

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

“मग रोज सकाळी कोण येतं?”

“मी.”

ते रागावतील असं वाटलं होतं. पण म्हातारा हळूच म्हणाला, “माजी नजर ग्येली, वहिनी. नातसून वाचती, पर त्या तिघांची नावं गिळती. अवघड हायती म्हणती. श्रीपादराव दरसाली तीस जूनला फोन करून समदं पान वाचायचं. नावं न्हाई गिळली कदी.”

“मी येते उद्या.”

“फोनवर वाचा की. कशाला तरास?”

“नको. समोर बसून वाचीन. येते मी.”

फोन ठेवल्यावर त्यांनी गटावर लिहिलं. या वेळी वही उघडली नाही.

“नमस्कार. मी वासंती, श्रीपाद यांची पत्नी. त्यांचं चौदा मार्चला निधन झालं. तेव्हापासून त्यांच्या वहीतलं मी लिहीत होते. सकाळचं उत्तर माझं होतं. सांगायला उशीर केला, क्षमा असावी.”

मग बघता बघता क्षितिजचं वरचं दळणाचं वाक्य नाहीसं झालं आणि तिथे उरलं, ‘हा संदेश काढून टाकला आहे’. पाठोपाठ शिफ्टवालाही गेला. वर्षालीनं हात जोडले. मग एकेकजण हात जोडत गेला. संध्याकाळपर्यंत श्रीपादराव तिथूनही गेले.

तीस जूनला वासंतीबाई पहाटे उठल्या. पूजा केली. सोमवारचा उपास होता, म्हणून चहाच घेतला. वही धुतलेल्या पिशवीत घातली, कुलूप लावलं आणि आळंदीच्या बसच्या थांब्यावर जाऊन बसल्या. पिशवी मांडीवर, डोळे मिटलेले.

दोब्रोवोल्स्की. वोल्कोव्ह. पात्सायेव्ह.

पहिल्या नावाला जीभ अडखळली, की त्या पुन्हा पहिल्यापासून धरत. शेजारच्या बाईनं त्यांचे हलणारे ओठ पाहिले, जप चाललाय असं समजून आपलं सामान जरा जवळ ओढून घेतलं, आणि फोनवरचं बोलणंही हलक्या आवाजात आणलं.