अम्माचे पाय

आमच्या अम्माचे पाय एकाही फोटोत नाहीत. हे मला ती गेल्यावर काही महिन्यांनी कळलं, आणि तेही तिला काश्मीरला न्यायची वेळ माझ्यावर आली म्हणून.

नीट सांगते. अप्पांना फोटोंचा नाद. केंद्र सरकारच्या कचेरीत होते, प्रवासाची सवलत मिळायची, आणि मिळाली की कचेरीतल्या मित्रांबरोबर निघायचे. श्रीनगर, बद्रीनाथ, उदयपूर, कन्याकुमारी. अम्मा घरी. आधी आजी अंथरुणाला खिळलेली, मग माझा भाऊ विश्वेश, त्याची दहावी, मग माझी बारावी, मग परत आजीच. "घर कोण पाहील?" असं कुणी विचारायचंही नाही, कारण उत्तर ओट्यापाशी उभं असायचं. अप्पांनी तिला अडवलं नाही हं. जन्मात कुणाला अडवलं नाही त्यांनी. फक्त गॅस कसा पेटवायचा ते शिकले नाहीत.

विश्वेश अमेरिकेला गेला, अम्मा देवाघरी गेली, आणि ओट्यापाशी मी आले. चेन्नईतल्या अण्णा नगरहून सिरुसेरीला कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, परत यायचं, कुकर लावायचा. कॅमेऱ्याचा नाद माझ्यातही उतरलाय, पण माझ्या कॅमेऱ्याने महाबलीपुरमच्या पलीकडचं जग पाहिलेलं नाही. माझे फोटो म्हणजे बाल्कनीतले कावळे, समोरचं शेवग्याचं झाड, आणि पुन्हा कावळे. एवढे कावळे पितृपक्षातसुद्धा कुणी जमवत नाही.

ऑफिसात देविका आहे, साताऱ्याची. माझं "काम जालं" ऐकून पहिल्या दिवशी हसली होती. आमची मराठी तंजावरची, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली ती तशीच राहिली, मध्ये मध्ये तमिळ मुरत गेलं. देविकाच्या मराठीत मी लिहायला शिकले ते तिनेच दिलेली पुस्तकं वाचून. तर ही देविका आणि तिच्या चार मैत्रिणी सप्टेंबरअखेर हिमाचलात, स्पितीला निघणार होत्या. "एक जागा आहे. तू चल," ती म्हणाली. "फोटो काढशील तिथे, कावळे सोडून."

मी हो म्हटलं. घरी अजून सांगायचं होतं, पण मनात मी बॅग भरलीसुद्धा. तिथले फोटो आल्यावर ते नीट करता यावेत म्हणून आधी जुन्यांवर हात बसवायचं ठरवलं. अप्पांचे फोटो स्कॅन केले आणि व्हिडिओ बघत बघत शिकायला लागले. बुरशीचे ठिपके पुसायचे, लाल पडलेलं आकाश पुन्हा निळं करायचं, फाटलेला कोपरा शेजारच्या गवताने सांधायचा. खरं सांगते, वर्षभरात एवढं बरं मला कशाने वाटलं नव्हतं. माऊस हातात घेतला की मी घरात नसायची.

एका रविवारी दल सरोवराच्या फोटोत मध्येच घुसलेला कुणी टोपीवाला मी पुसत होते. अप्पा मागे खुर्चीत कॉफी पीत बसले होते.

"मनुष्याला असं काढाला येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं की."

त्यांनी टंबलरमधली कॉफी संपवली. मग हळूच म्हणाले, "काढाला येतं, तर घालाला पण येईल. होय ना?"

कुणाला घालायचं ते मी विचारलं नाही. त्यांचे डोळे भरले होते. सप्टेंबरात अम्माचं वर्षश्राद्ध होतं, सगळे नातेवाईक जमणार होते, आणि अप्पांच्या मनात तिचं एक पुस्तक करायचं आलं होतं. "तिला काश्मीर पाहाचं होतं गे," ते म्हणाले. "मी नेलों नाही. आता तरी नेऊ."

यावर कोण नाही म्हणेल? मी तर नाहीच. घरात जेवढे अल्बम होते तेवढे काढून जमिनीवर पसरले आणि अम्माला शोधायला लागले. पायांपासून डोक्यापर्यंत अशी एक अम्मा मला हवी होती, कापून काश्मीरला लावायला. मिळेना. घोळक्यात मागच्या रांगेत अम्मा. मांडीवर विश्वेश, त्याच्या मागे अम्मा. स्वयंपाकघराच्या दारात अर्धी अम्मा, उरलेली अर्धी चौकटीआड. बारशात पाठमोरी अम्मा. लग्नात पाटावर बसलेली, पाय साडीत. अप्पांनी आयुष्यभर कॅमेरा गळ्यात घालून हिमालयाचं एकेक शिखर टिपलं, आणि बायकोचा एक उभा फोटो काढला नाही. मला इतका राग आला की अल्बम आवरायच्या ऐवजी मी स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून काढले.

अप्पांना सांगितलं तर तेही बराच वेळ अल्बम उलटत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तिच्याच उंचीची आहेस."

अशी मी अम्मा झाले. तिच्या साड्या कपाटात होत्याच. गच्चीवर दोरीला पांढरी चादर, तिच्यापुढे मी, आणि समोर तिकाटण्यावर कॅमेरा लावून अप्पा. चेहरा विश्वेशच्या लग्नातल्या फोटोतला घ्यायचा, खाली अंग माझं. उजेड जुळायला हवा, हे तर मीच त्यांना शिकवलं होतं. त्यामुळे श्रीनगरसाठी सकाळी उभं राहायचं आणि उदयपूरसाठी भर दुपारी. बद्रीनाथला मी शाल पांघरून गेले, मे महिन्यात, चेन्नईच्या गच्चीवर. तळपाय भाजत होते. खालच्या मजल्यावरची रंजनी मामी वडाम, म्हणजे आमच्या कुरडया, वाळत घालायला वर आली, मला बघितलं, आणि ताट तसंच घेऊन परत गेली.

अप्पा मात्र खुलले होते. "डावीकडे हो. पदर सोड, वारा आहे कन्याकुमारीत. हात कपाळाशी धर, समुद्र बघालीस तू." इतकं बारकाईने त्यांनी अम्माकडे कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. एकदा म्हणाले, "वेणी, जरा हास."

अम्माचं नाव कृष्णवेणी. मी दुरुस्त केलं नाही. हसले. मला राग आला की मी हसते, ही खोड मला तिच्याकडूनच आली आहे.

पुस्तक छापून आलं. वर्षश्राद्धाचं जेवण झाल्यावर अप्पांनी ते सगळ्यांच्या हातात फिरवलं. प्रत्येक पानावर अम्मा, सगळीकडे एकच हसू, काश्मीरला तेच आणि कन्याकुमारीलाही तेच. कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणी म्हणालं, भाग्यवान बाई. अप्पा विचारणाऱ्याला सांगत होते, "आलती की. माझ्याबरोबर अस्की जागा फिरली." अस्की म्हणजे सगळी. खोटं बोलतात असं वाटेना. त्यांना आता तसंच आठवत होतं.

फक्त गोदाआत्या, अप्पांची थोरली बहीण, चष्मा कपाळावर सरकवून एका पानावर अडून बसली. हाउसबोटीच्या पायरीवर अम्मा उभी होती, साडी जरा वर धरलेली.

"अनंता," ती म्हणाली, "वेणीच्या पायात जोडवी कोठ?"

माझ्या पायात कुठून येणार? माझं लग्न झालेलं नाही. आत्याने माझ्या पायांकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग परत माझ्या पायांकडे. तिला कळलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. अम्माबद्दल, नाहीतर माझ्याबद्दल. ती म्हणाली, "सवाष्ण गेली ती. जोडवी घाल गे तिला. असं चोक्कट दिसत नाही."

"घालेल," अप्पा म्हणाले. "विद्याला अस्कं येतं."

पाहुणे गेल्यावर मी संगणकापुढे बसले आणि ते पाय मोठे करून पाहिले. पाय माझेच, अंगठ्याजवळच्या जुन्या खुणेसकट. टाचेला पांढरं काहीतरी लागलेलं. ते पुसायला घेतलं आणि हात थांबला. गच्ची तापू नये म्हणून तिथे मारलेला चुना होता तो. अम्मा काश्मीरला गेली नव्हती. मीही गेले नव्हते. आम्ही दोघी मिळून गच्चीपर्यंत गेलो होतो.

मग मी स्पितीचं बोलायचं ठरवलं. देविकाला रविवारपर्यंत पक्कं सांगायचं होतं. सांबाराला फोडणी देताना मी अप्पांना सांगितलं, दहा दिवस जाते, आत्या येऊन राहील, डबा लावून देते. नको म्हणाले असते तर भांडता आलं असतं. मी वाक्यंही जुळवून ठेवली होती.

"जा की," अप्पा म्हणाले. "मी कोठ नको म्हणालों? मी राहीन. दूध-बन खाऊन राहीन." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. "पण कशाला एवढं लांब जातेस गे? थंडीत, त्या कड्यांवरनं? त्या पोरीला सांग, फोटो काढताना मध्ये एक जागा रिकामी सोड म्हणून. आपण इथ तुला घालू. बद्रीनाथला तू कशी चोक्कट उभी राहलीस!"

थट्टा नव्हती. अगदी प्रेमाने बोलत होते. त्याच वेळी फोन वाजला, देविकाचाच. माझा हात फोडणीत अडकलेला. अप्पांनीच उचलला आणि जे मला सांगितलं तेच तिला सांगितलं, समजावून, मधून मधून हसत. पलीकडून देविका हसल्याचंही ऐकू आलं. मोहरी जळली. मी गॅस बंद केला. माझ्या वतीने नकार जाऊन पोचला होता, आणि घरात कुणी 'नाही' हा शब्दही उच्चारला नव्हता.

मी फोन परत लावू शकले असते. लावला नाही. अप्पांना उपाशी ठेवून मी स्पितीच्या कड्यावर उभी आहे, हे चित्र मला कितीही पुसलं तरी पुसता येईना. रडले, मोरीत नळ सोडून. अम्माचा नळ इतका वेळ का चालू असायचा, हे मला तेव्हा समजलं.

सप्टेंबर संपता संपता देविकाचा फोटो आला. उघडा डोंगर, निळंशार आकाश, पाच जणी खांद्याला खांदा लावून. मध्ये एका माणसाची जागा रिकामी. खाली लिहिलं होतं, "अप्पांच्या हुकमाप्रमाणे जागा सोडलीय! किती गोड आहेत गं ते. जूनमध्ये सिक्कीम. तेव्हा खरीखुरी ये."

आणि मी काय पाहिलं असेल? डोंगर नाही, आकाश नाही. उजेड डावीकडून, तिरपा. म्हणजे आमच्या गच्चीवर सकाळी आठ. हे माझ्या डोक्यात आपोआप आलं, आणि मला माझीच भीती वाटली. आणखी दोन वर्षं अशी गेली तर मला जायची इच्छासुद्धा होणार नाही. नुसता उजेड जुळवत बसेन.

फोटो अप्पांनीही पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कपाटातून गच्चीवरची चादर काढत होते. "शाल घे गे. थंडी असेल तिथ."

"आधी स्वयंपाकघरात या," मी म्हटलं.

"का?"

"फोटो काढायचाय. तुमचा."

ते आले. मी त्यांना ओट्यापाशी उभं केलं, हातात लायटर दिला, आणि कॅमेरा घेऊन दाराशी गेले, जिथे त्यांनी अम्माला अर्धी टिपली होती. मागे सरत सरत चौकटीबाहेर गेले, तेव्हा कुठे त्यांचे पाय फोटोत आले.

"हे काय करालीस?"

"गॅस पेटवा, अप्पा. कॉफीचं पाणी ठेवा."

ते हसले. मी हसत नाही हे बघून थांबले. "माझा हात कापतो गे."

"कॅमेरा धरताना कापतो तेवढाच कापतो. खटका दाबा आणि डावीकडे फिरवा. मग लायटर."

त्यांनी दाबला, फिरवला. लायटर वाजला, ज्योत आली नाही. गॅसचा वास दारापर्यंत आला. अप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "लागत नाही," ते म्हणाले आणि थांबले, मी येण्याची वाट बघत. ते काही चुकीचं करत नव्हते. या घरात असं म्हटलं की कुणीतरी येतं.

माझं एक पाऊल पुढे पडलंसुद्धा. कॅमेऱ्यात त्यांचे पाय कापले गेले.

मी परत मागे सरले. "बंद करा," मी म्हटलं, "आणि पुन्हा लावा."