फोटोपुरती उभी राहिलेली पाटी

मित्रांनो, तुम्ही मला शेकडो वेळा ओलांडून गेला असाल, पण माझ्यापाशी थांबून कोणी चौकशी केल्याचे मला आठवत नाही. मी रस्त्यावरची पत्र्याची पाटी आहे, आणि वयाने बरीच जुनी आहे. माझ्या पिवळ्या अंगावर काळ्या अक्षरांत लिहिले आहे, 'रस्त्याचे काम चालू आहे. सावकाश जा.' एवढे बोलण्यासाठीच मी जन्माला आले. त्यातले पहिले वाक्य मी चार वर्षे धडधडीत खोटे बोलत होते. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म सरकारी रस्ते खात्याच्या आवारातल्या शेडमध्ये झाला. डांबराच्या जुन्या पिंपाचा पत्रा ठोकून सरळ केला, त्याला पुढे दोन आणि मागे एक असे लोखंडी पाय जोडले आणि मी उभी राहिले. अक्षरे रंगवली ती मुकादमांनी. वीस मजुरांची टोळी त्यांच्या हाताखाली होती. त्यांचे अक्षर मोत्यासारखे वगैरे नव्हते, पण लांबून धावत येणाऱ्या गाडीला वाचता यायचे आणि त्यांना तेवढेच हवे होते.

मुकादमांचा एक नियम होता. आधी पाटी ठेवायची, मग फावडे उचलायचे. आणि शेवटचा माणूस रस्त्यावरून बाजूला झाल्याशिवाय पाटीला हात लावायचा नाही. नव्या मजुराने हा नियम मोडला की ते त्याला दिवसभर माझ्या शेजारी उभे करत. एकदा एका ट्रकने माझा उजवा पाय मोडला. मुकादमांनी घरच्या मोडक्या सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक ज्या दोन दांड्यांत बसते तो भाग, आणून मला जोडला. "मुकादम, आता हिला घंटी पण बसवा," मजूर म्हणाले. तेव्हापासून माझा एक पाय दुहेरी आहे आणि मी जरा उजवीकडे कलते.

ती वर्षे कष्टाची होती, पण माझ्या मनाला स्वस्थता होती. मी जिथे उभी असे तिथे खरोखर डांबर उकळत असे. दर आठवड्याला खात्याचे मोठे साहेब जीपमधून येत, भरलेल्या खड्ड्यावर बुटाची टाच आपटून बघत आणि खडी जराशी निसटली तरी मुकादमांना सर्वांदेखत फैलावर घेत. मुकादम मान खाली घालून ऐकत आणि साहेबांची पाठ फिरली की तोच खड्डा पुन्हा उकरत.

मग मुकादम निवृत्त झाले. त्याच वर्षी खात्याने रस्त्यांची दुरुस्ती एका कंपनीला कंत्राटाने दिली आणि शहराच्या बसगाड्या दुसऱ्या कंपनीला. टोळी मोडली. शेडमधल्या सामानाबरोबर मीही रस्त्याच्या कंपनीकडे गेले, आणि तिथून माझी वणवण सुरू झाली.

कंत्राटात एक अट होती. कोणी खड्ड्याची तक्रार केली की दोन दिवसांत काम सुरू व्हायला हवे, आणि त्याचा पुरावा म्हणून फोटो खात्याला पाठवायला हवा. कंपनीने त्यातून सोपी वाट काढली. एक टेम्पो, एक टेम्पोवाला आणि एक मी. टेम्पोवाला सकाळी निघायचा, खड्ड्याशी मला उतरवायचा, मोबाइलने फोटो काढायचा आणि मला परत मागे टाकायचा. मग पुढचा खड्डा. खात्यात फोटो पोहोचला की तक्रार मिटली असा शेरा पडायचा. प्रत्यक्ष खड्डा बघायला कोणी येत नसे.

मित्रांनो, कुठेही एक मिनिटसुद्धा नीट उभे राहता न येणे म्हणजे काय, हे तुम्हाला कसे सांगू? टेम्पोत माझ्या सोबतीला एक फावडे होते. त्याच्या पात्यावर कधी चिखलसुद्धा लागला नाही. आम्ही दोघे प्रत्येक खड्ड्याला उडायचो, आपटायचो, एकमेकांना घासायचो. माझा रंग त्याने निघाला. उतरवले की वाटायचे, आता तरी मागून माणसे येतील. पण मागे फक्त खड्डा असायचा. एक बाई भाजीची पिशवी घेऊन जाताना मला बघून म्हणाल्या, "चला, झालं बाई एकदाचं सुरू." त्या वळेपर्यंत मी टेम्पोत होते.

असेच एका सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मला पुलाखालच्या वळणावर उतरवले. तिथे फुटलेल्या नळाचे पाणी साचून खड्डा झाकला होता. फोटो निघाला, मी उचलली गेले. त्या दिवशी आम्ही आणखी कितीतरी ठिकाणे केली. पुलाखाली पुढे काय झाले ते मला चार दिवसांनी कळले, आणि तेही मुकादमांच्याच तोंडून.

चौथ्या दिवशी टेम्पो एका लहानशा गल्लीत शिरला. तिथल्या खड्ड्याची तक्रार आदल्याच दिवशी आली होती. खड्ड्याच्या कडेला स्टूल टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. केस पिकले होते, चष्मा आला होता, तरी मी त्यांना ओळखले. मला उतरवून फोटो काढून झाला तेव्हा ते उठले आणि त्यांनी माझ्या दुहेरी पायावर आपला पाय रोवला.

"काका, बाजूला व्हा. पाटी उचलायचीय."

"उचलायची कशी? काम चालू आहे असं लिहिलंय ना हिच्यावर? मग होऊ दे की चालू. मी बसतो."

"काका, मला अजून अकरा जागा करायच्यात. माझ्या पोटावर का पाय देता?"

"तुझ्या पोटावर नाही, हिच्या पायावर दिलाय. हा माझ्या सायकलचा आहे." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर माझा फोटो होता, पुलाखालचा. "इथल्या खड्ड्याची तक्रार मीच केली होती. तक्रार केली की तू येणार, हे मला ठाऊक होतं. बस जरा. सांगतो."

टेम्पोवाला कंटाळून कट्ट्यावर बसला. मुकादमांनी सांगितले ते असे. त्यांची लेक शहराच्या बसवर चालक आहे. नऊ वर्षांत तिच्या गाडीला ओरखडा नाही. त्या सकाळी आठच्या सुमारास तिची बस पुलाखाली वळली आणि पुढचे चाक पाण्याखालच्या खड्ड्यात गेले. एका आजीबाईंचा हात मोडला. बसच्या कंपनीने बोट दाखवले रस्त्याच्या कंपनीकडे. रस्त्याच्या कंपनीने माझा फोटो पुढे केला. पाटी समोर होती, तरी चालकाने वेग कमी केला नाही, म्हणून सगळा दोष चालकाचा. लेकीला कामावरून घरी बसवले होते. उद्या खात्यात सुनावणी होती आणि तिचे लायसन्स रद्द करावे अशी शिफारस करण्याचे ठरत आले होते.

"आता पोरगी मलाच विचारते," मुकादम म्हणाले. "बाबा, पाटी असेल का हो? मला दिसली नसेल का? जेवता जेवता थांबते आणि तेच विचारते. नऊ वर्षं गाडी चालवलेली बाई. आपल्याच डोळ्यांवर तिचा विश्वास राहिला नाही."

हे ऐकताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की रस्त्यात पुरून घ्यावे असे झाले. ज्या हातांनी मला घडवले, त्याच हातांच्या लेकीविरुद्ध मी साक्ष दिली होती.

टेम्पोवाला बराच वेळ मोबाइलशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "घेऊन जा हिला. मला विचारलं तर चोरीला गेली म्हणेन. तेवढं मात्र सांभाळून घ्या, काका. मला पण घर आहे."

दुसऱ्या दिवशी मुकादम मला खांद्यावर घेऊन खात्याच्या कार्यालयात गेले. दारावरच्या शिपायाने अडवले.

"काका, असलं सामान आत न्यायचं नाही."

"सामान नाही, साक्षीदार आहे," मुकादम म्हणाले आणि आत शिरले.

आत लांबलचक टेबल होते. मोठे साहेब मधोमध बसले होते. मुकादमांच्या वेळचे साहेब नव्हेत, नवे. एका बाजूला रस्त्याच्या कंपनीचे व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला बसच्या कंपनीचे. कडेला संगणकापाशी कारकून बाई. आणि समोर मुकादमांची लेक, एकटी, हात मागे बांधून उभी. दोन्ही व्यवस्थापकांत टोलवाटोलवी चालली होती, पण एका गोष्टीवर दोघांचे एकमत होते, की चूक तिचीच.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, साहेब," मुकादम म्हणाले आणि मला जमिनीवर उभे केले. "त्या दिवसाचे सगळे फोटो काढा. फक्त पुलाखालचा नको. सगळे."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, तरी त्यांनी कारकून बाईंना खूण केली. पडद्यावर मी दिसले. सात दहा, पुलाखाली. सात बावीस, बाजाराचा कोपरा. सात एकतीस, दवाखान्यासमोर.

"पाट्या काय, सगळ्या सारख्याच असतात," रस्त्याचे व्यवस्थापक म्हणाले.

"पाट्या असतात. पाय असतो का?" मुकादम खाली वाकले आणि माझ्या सायकलच्या पायावर त्यांनी टिचकी मारली. "बाई, जरा मोठं करून दाखवा."

कारकून बाईंनी एकेक फोटो मोठा केला. प्रत्येकात मी, उजवीकडे कललेली. साडेसात ते नऊ या वेळात मी पुलाखाली नव्हतेच, शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. बाईंनी मोजले, त्या एका दिवसात चौदा जागा. लेकीने पडद्याकडे पाहिले आणि तिचे मागे बांधलेले हात सुटले. "नव्हती," ती हळूच म्हणाली. "बाबा, पाटी नव्हती." तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते तिने पुसलेही नाही.

साहेब घसा खाकरून म्हणाले, "ही कंपनीची फसवणूक आहे. कंपनीला नोटीस काढू. आम्ही काम बाहेर दिलंय, आमच्याकडे फक्त फोटो तपासायला येतात."

"मग तपासले कोणी?" मुकादमांनी विचारले.

कारकून बाई पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "प्रत्येक फोटोखाली सही आपली आहे, साहेब."

मुकादम चिडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, माझ्या वेळी खड्डा राहिला की मोठे साहेब रस्त्यात उभं करून मला शिव्या घालायचे. फार राग यायचा. आता वाटतं, निदान शिव्या घालायला माणूस तरी होता. आता आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग कारकून बाईंना म्हणाले, "लिहा. चालकाचा दोष नाही. कामावर परत घ्यावं."

"आणि दोष कोणाचा, तेही लिहा," लेक म्हणाली. "नाहीतर उद्या दुसऱ्या कोणाला तरी इथं उभं कराल."

"रस्त्याच्या कंपनीचा, लिहा."

"काम कंपनीला दिलंत, साहेब. रस्ता तर नाही ना दिला? तो सरकारचाच आहे," लेक म्हणाली.

साहेबांना हे फार जड जात होते. शेवटी त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि आपल्या हाताने ओळ लिहिली, 'देखरेख न केल्याचा दोष या कार्यालयाचा.' खाली सही केली. या वेळी मात्र पूर्ण वाचून.

त्या आठवड्यात पुलाखालचा नळ दुरुस्त झाला आणि खड्डा खऱ्या डांबराने बुजला. खात्याने मला परत घेतले. आता एक तरुण अभियंता बाई रोज मोटारसायकलवरून येऊन कामे बघतात. हे किती दिवस टिकेल, मला माहीत नाही. परवाच एका टेम्पोतून नवी कोरी, चकचकीत पाटी जाताना दिसली. तिच्याबरोबर माणसे नव्हती.

मित्रांनो, मला रंग द्या, धूळ पुसा, असे मी मागत नाही. माझ्यावर काय लिहिले आहे ते वाचून समाधानाने पुढे जाऊ नका, एवढेच मागते. माझ्या मागे कोण काम करते आहे, किती दिवस, आणि ते बघायला कोण येते, हे विचारा. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कोणी सही करण्याच्या खुर्चीवर बसला, तर आधी जागेवर जाऊन या.

काल मी दवाखान्यासमोर उभी होते. मागे सात माणसे खडी पसरत होती. मुकादमांच्या लेकीची बस आली. तिने ती माझ्यापासून बरीच अलीकडे थांबवली, दार उघडले आणि खाली उतरली. मला वाटले, आता ती माझ्याकडे बघेल. तिने बघितले नाही. माझ्या बाजूने वळसा घालून ती मागे गेली, सातही माणसे नजरेने मोजली, ताज्या डांबरावर बुटाची टाच दाबून पाहिली, आणि मगच गाडी सावकाश पुढे काढली.