शिजवलेलं टाकू नका

थंडी अंगाला झोंबायच्या आधी वाफे तयार पाहिजेत. माती खणून झाली की तिच्यावर टाच दाबून बघा. रुतली तर ठीक. नाही रुतली तर पुन्हा खणा. खडे वेचा, विटांचे तुकडे वेचा, बांधकामवाल्यांनी जाताना पुरून ठेवलेले सिमेंटचे गोळे वेचा.

हर्सूलच्या या कॉलनीत प्रत्येक रो हाउसपुढं मातीचा एक पट्टा आहे. बहुतेकांनी त्यावर फरशी घातली आणि गाडी उभी केली. रत्नमालाच्या नवऱ्यानं, राजकुमारनं, घर घेतलं ते त्या मातीकडं बघूनच. आतल्या खोल्या त्यानं धड बघितल्याही नाहीत. पाचोडला त्याच्या बापाची हयात दुसऱ्याच्या वावरात गेली होती. "रत्ना, ही खालची माती आपली," एवढंच तो म्हणाला होता. पुढं तो गेला. माती राहिली.

ती माती आता विकायची आहे. म्हणजे घर विकायचं आहे. पण रत्नमालाला ऐकू येतं ते माती.

"पुण्याला बदली मिळतीये," निशा म्हणाली. निशा तिची एकुलती एक लेक, बँकेत आहे. "औरंगपुऱ्यातला तो एजंट गिऱ्हाईक घेऊन यायला तयार आहे. इथं आपलं कोण आहे, आई?"

"आशाबाई हायेत ना."

"आशाबाई." भातात खडा लागल्यावर माणूस घास जिभेवरच थांबवतं, तसं निशानं ते नाव थांबवलं.

मेथी मुठीनं फेकू नका, ओळीत पेरा. पाणी सकाळी द्या. संध्याकाळी दिलं तर रात्रभर ओल राहते आणि रोप मुळाशी कुजतं. पाणी कुठलं?

पाणी आशाबाईंचं. नळाला येतं तेव्हा येतं, ते प्यायलाच पुरत नाही. शेजारी काकासाहेबांनी बोअर घेतलेला आहे, आशाबाई त्यांची बायको. रत्नमालानं वाफे केले त्या दिवशी आशाबाईंनी न मागता भिंतीवरून पाइप टाकला. "घ्या ओ ताई. जमिनीतलंच पाणी, जमिनीलाच जाऊ द्या." राजकुमार दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा बाहेर पायरीवर याच बाई तिच्याशेजारी बसून होत्या. हे निशालाही माहीत आहे. म्हणून तर मायलेकींचं भांडण तुटत नाही.

मांडवाला तुराट्या आणि सुतळी पुरते. घेवडा भिंतीच्या अलीकडं लावा. तो पलीकडं जाईल. जाऊ द्या. पलीकडच्या शेंगा पलीकडच्यांच्या.

भिंतीवरून तिकडं गेलेलं:
मेथी. कोथिंबीर. मुळे, पाल्यासकट. कोवळी वांगी. टोमॅटोची रोपं, कागदात गुंडाळून.

भिंतीवरून इकडं आलेलं:
पाणी. पुरणपोळी. धपाटे. पूजेचा शिरा. दिवाळीचा चिवडा. खतासाठी ओल्या कचऱ्याची बादली, रोज.

"आता नीट बघ," निशा म्हणाली. "तिकडं जातं ते सगळं कच्चं. शिजलेलं तिकडून इकडं येतं फक्त. इकडून एक घास तरी गेलाय का कधी? चहा तरी?"

"त्यांचा चहा झालेला असतो."

"कायम?"

आशाबाई येतात तेव्हा दारातच उभ्या राहतात. त्यांच्यासमोर, सरळ नजरेच्या रेषेत, भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो असतो. चहा म्हटलं की आत्ताच झाला. सरबत म्हटलं की घसा बसलाय. नाही तर चतुर्थी असते, गुरुवार असतो.

"उपास लई करतात त्या," रत्नमाला म्हणाली.

निशा हसली. ते हसू रत्नमालाला आवडलं नाही. राजकुमारही असाच हसायचा, ऑफिसात सगळ्यांसाठी नेलेला डबा तसाच परत आणला की.

"एक काम कर," निशा म्हणाली. "एकदा डबा पाठव. तुझ्या हातचं, शिजलेलं. त्यांनी खाल्लं तर मी बदली नको म्हणून सांगते. एजंटलाही फोन करते. पुन्हा घराचा विषय काढणार नाही."

"खातील."

"अन् नाही खाल्लं तर?"

"खातील म्हणलं ना."

खड्डा कोपऱ्यात घ्या. खाली कडुनिंबाचा वाळला पाला, त्यावर ओला कचरा, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला. सालं चालतात, देठं चालतात, चहाची पत्ती चालते. शिजवलेलं टाकू नका. तेला-मिठाचं खत होत नाही. वास सुटतो, घुशी येतात, आणि घूस एकदा आली की सगळी गाजरं खालून पोखरून नेते, वरचा पाला मात्र तसाच हिरवा उभा असतो.

हे सगळं रत्नमालानं तनुजाला सांगितलं होतं. तनुजा आशाबाईंची सून, नवी नवरी, सकाळी स्कूटीवरून कामावर जाताना बादली भिंतीवर ठेवून जाते.

"कायबी टाक पोरी. शिजवलेलं तेवढं नको."

"नाही टाकणार, काकू." आणि तिनं कधी टाकलंही नाही.

भोगीच्या सकाळी आशाबाई पदर खोचून भिंतीपाशी.

"ताई, घेवडा अन् ओला हरभरा द्या बाई थोडा. बाजारातल्याला काय चव नाय. न खाई भोगी तो सदा रोगी."

रत्नमालानं पिशवी भरून दिली. गाजरं दिली, वांगी दिली. मग आत येऊन स्वतःची कढई चढवली.

निशा पुण्याला निघाली होती, दोन दिवसांसाठी, खोली बघायला. पायात बूट घालता घालता थांबली. "आपल्यात कधीपासून भोगी? बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत तुला."

"भोगी कुठं करतीय? हिवाळ्याची भाजी करतीय. हरभऱ्याला काय ठाऊक कुणाचा सण हाय ते."

"हरभऱ्याला नसेल ठाऊक." आणि दार ओढून गेली.

घेवड्याच्या शिरा काढल्या. वांगी शेवटी घातली, विरघळू नयेत म्हणून. गूळ नाही, तिच्या सासरी या भाजीत गूळ घालत नाहीत. काळा मसाला, तीळ, आणि दाण्याचं कूट इतकं की पळी उभी राहावी. भाकरीला तीळ लावले. आपण हात पुन्हा पुन्हा धुतोय हे तिच्या ध्यानात आलं. मग तिनं एकदा मुद्दाम न धुता पीठ मळलं.

डबा राजकुमारचा घेतला. एका अंगाला पोचा आलेला, पण झाकण घट्ट. भाजी काठोकाठ, वर भाकरी चार घड्या करून.

"अगो बाई, कशाला एवढा त्रास?" आशाबाई म्हणाल्या. पण दोन्ही हातांनी घेतला. दोन्ही हातांनी. हे रत्नमालानं नीट बघितलं.

संक्रांतीला संध्याकाळी डबा परत आला. लख्ख घासलेला. रिकामा डबा परत करू नये, म्हणून आत तिळाचे लाडू.

"तिळगूळ घ्या, गोड बोला. ताई, लई चवदार झाली होती ओ भाजी. ह्यांनी तर दोनदा घेतली. म्हणले, ताईंच्या हाताला पाचोडची चव हाय."

रत्नमालानं लाडू तिथंच उभ्या उभ्या खाल्ला. आत जाऊन राजकुमारच्या फोटोसमोर डबा ठेवला, जरा वेळ. मग फळीवर ठेवला. मग पुन्हा फोटोसमोर.

करीच्या दिवशी सकाळी स्कूटी सुरूच होती.

"काकू, आज थोडं शिजलेलं आहे हं बादलीत. फ्रीजमध्ये पडून होतं, आई म्हणाल्या टाकून दे. आजच्या दिवस चालेल ना?"

"चालंल."

"सॉरी हं काकू!" स्कूटी गेली.

वाटाण्याच्या शेंगांची टरफलं. संत्र्याची सालं. चहाची पत्ती. मग बादलीच्या तळाचं, एकदम, धप्पकन.

भाजी गोल पडली. थंडीत कूट घट्ट बसलं होतं, म्हणून फुटली नाही. डब्यात होती तशीच, डब्याएवढी. एका अंगाला पोच्याचा खोलगा. वाटीभरही कमी झालेली नव्हती. चार घड्यांची भाकरी बाजूला पडली, तीही तशीच, तिळांसकट.

शिजवलेलं टाकू नका.

रत्नमाला खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली. पहिला विचार असा आला की घुशी येतील. हा विचार आधी आला याची तिला नंतर लाज वाटली. पलीकडं आशाबाई पाइप धूत होत्या. "ताई, पाणी सोडू का?"

"सोडा."

पाणी आलं. पाइपातून हरभऱ्याच्या वाफ्यात. तिनं एकदा पाइपाकडं बघितलं, एकदा कोयत्याकडं. कोयता घेवड्याच्या बुडाशी टेकून ठेवलेला होता. बुंधा करंगळीएवढा. एक घाव.

मग पलीकडं आठवडाभरात पानं माना टाकतील. आशाबाई विचारतील. निशाही विचारेल. निशाला सांगावं लागेल. मग एजंट गिऱ्हाईक घेऊन येईल, आणि गिऱ्हाईक इथं फरशी घालेल, आणि गाडी उभी करेल.

तिनं खोऱ्यानं भाजी फोडली. तुकडे केले. वर पाला टाकला. अजून टाकला.

निशा रात्रीच्या गाडीनं येणार होती, ती दुपारीच आली. पिशवी टेकवायच्या आधी तिनं विचारलं, "काय झालं?"

रत्नमाला मुळ्याचा पाला निवडत होती. तिला काही बनवून सांगावं लागलं नाही. सगळं तयारच होतं.

"लई चवदार झाली होती म्हणल्या. काकासाहेबांनी दोनदा घेतली."

"खरं?"

"ताईंच्या हाताला पाचोडची चव हाय, म्हणले."

निशा जमिनीवरच बसली. मग आईच्या हातातली पालेभाजी घेऊन निवडायला लागली. तिला ते धड जमत नाही, देठांसकट पानं फेकते. "चुकलं माझं," ती म्हणाली. "बँकेत एवढी माणसं बघते मी, आई. मला वाटायला लागलं होतं सगळे तसेच."

"नसतात सगळे."

"हो ना."

गाजरं उपटायच्या आदल्या दिवशी वाफा भिजवा, म्हणजे तुटत नाहीत. पाला पिळवटून काढा. जास्तीची गाजरं मातीतच…

"हलवा करते," निशा म्हणाली. रविवार होता. खवा तिनंच आणला होता. किसून किसून तिची बोटं केशरी झाली होती. आईनं तीनदा सांगितलं की गाजरं थोडीच आहेत, आपल्यालाच होतील. चौथ्यांदा सांगितलं तेव्हा निशा म्हणाली, "आई, आता तूच असं करू नको."

तिनं तोच डबा घेतला, पोच्याचा. भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "काकू!" लहानपणी मारायची तशी.

आशाबाई आल्या. डब्याकडं बघितलं. मग निशाच्या खांद्यावरून पलीकडं, खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या रत्नमालाकडं बघितलं. रत्नमालानं नजर हलवली नाही. आशाबाईंची हलली.

"अगो बाई," त्या म्हणाल्या, "कशाला एवढा त्रास?"

आणि दोन्ही हातांनी घेतला.

सोमवारी सकाळी बादली भिंतीवर होती. निशा ऑफिसला निघालेली, कानाला फोन. दुसऱ्या हातानं तिनं बादलीची कडी धरली. "थांब आई, मी ओतते."

"ठेव ती," रत्नमाला म्हणाली. जरा जोरातच. "कापडं घाण होतील तुझी."

बादली जड होती.

ती खड्ड्यापाशी गेली. फाटकाकडं पाठ करून, वाकून तिनं बादली उपडी केली. मागं निशा फाटक उघडत फोनवर बोलत होती. "नाही, गिऱ्हाईक आणू नका. नाही हो, किमतीचा प्रश्न नाही. विकायचंच नाही आम्हाला." मग हसून, "शेजार चांगला आहे ना."

रत्नमालानं पाल्याची पाटी ओढली. एक ओंजळ टाकली. केशरी दिसत होतं. अजून एक टाकली.